रिस्टार्ट केला की चालतो, चार दिवसांनी पुन्हा अडतो: लिनक्स सर्व्हरचं हे दुखणं चॅटवर कसं न्यावं

लिनक्स सर्व्हर काही दिवस सुरळीत चालतो. मग एका सकाळी बिलिंगचं पान उघडतं पण बिल सेव्ह होत नाही, डेटाबेस उत्तर देत नाही, आणि कुठेतरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी ओळ दिसते. कुणीतरी रिस्टार्ट मारतं. सगळं ताळ्यावर येतं, डिस्कवर जागाही भरपूर दिसायला लागते. चार-पाच दिवस गेले की पुन्हा तेच.

ठाणे-नवी मुंबईच्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांचे सर्व्हर मी बघते. महापे-ऐरोलीला मोठाली डेटा सेंटर उभी आहेत, तिथे रात्रपाळीला माणसं असतात. पण त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर वीस माणसांच्या ऑफिसात टेबलाखाली एक मशीन असतं, किंवा भाड्याचा एखादा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर), आणि तो सांभाळणारा एकच मुलगा, ज्याचं खरं काम अकाउंट्सचं किंवा डिस्पॅचचं. त्याला विचारायला वरिष्ठ कुणी नाही. अशा मुलांसाठी ऑनलाइन चॅट फार मोलाची गोष्ट आहे. जगभरातली जाणती माणसं तिथे फुकट वेळ देतात. तरीही यातली बरीच मुलं तिथून रिकाम्या हाताने परत येतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: प्रश्न विचारायच्या आधीच रिस्टार्ट झालेला असतो. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्यात रिस्टार्टने पुरावा पुसला जातो, आणि पुराव्याशिवाय समोरचा कितीही तज्ज्ञ असो, तो अंदाजापलीकडे काही सांगू शकत नाही.

फोन साधारण असा येतो.

"ताई, सकाळी परत बंद पडला होता. रिस्टार्ट मारला, आता चालू आहे."

"मारायच्या आधी काय बघितलंस?"

"काही नाही. शेठ मागे उभे होते."

शेठ मागे उभे असताना थांबणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. तरी त्यांच्याकडून पाच मिनिटं मागून घ्याच. सरळ सांगा, की आत्ता पाच मिनिटं दिलीत तर पुढच्या आठवड्यात हा प्रकार होणार नाही. नाही दिलीत तर नक्की होईल.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन, आणि जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

त्या पाच मिनिटांत काय घ्यायचं

आधी रिस्टार्टने काय जातं ते बघू. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश, म्हणजे 'डीमेसग' ही कमांड जे दाखवते ते, मेमरीत असतात; मशीन रीबूट झालं की गेले. कोणती प्रोसेस किती मेमरी खात होती हे गेलं. डिलीट झालेल्या पण अजून कुणीतरी उघडून धरलेल्या फायली गेल्या, आणि आपल्या दुखण्यात नेमका तोच पुरावा लागतो. काही मशीनवर सिस्टमडीचं (सगळ्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामचं) जर्नल, म्हणजे नोंदवही, तीसुद्धा जाते: '/व्हार/लॉग'च्या आत 'जर्नल' नावाचं फोल्डर नसेल, तर मूळ सेटिंगप्रमाणे जर्नल फक्त मेमरीत राहतं. ते फोल्डर आहे का, हे आजच बघून ठेवा. नसेल तर बनवा आणि जर्नलडी सर्व्हिस रिस्टार्ट करा. मग पुढच्या वेळी 'जर्नलसीटीएल -बी -१' म्हटलं की मागच्या बूटचा इतिहास मिळेल.

घ्यायचं ते असं: डेट, अपटाइम, 'डीएफ -एच', 'डीएफ -आय', 'फ्री -एम', 'पीएस ऑक्स', 'सिस्टमसीटीएल --फेल्ड', 'डीमेसग -टी' (टी मोठा), जर्नलच्या शेवटच्या दोनेकशे ओळी, आणि सगळ्यात महत्त्वाची 'एलएसओएफ +एल१', यातला एल मोठा. ही शेवटची कमांड रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवा, नाहीतर दुसऱ्यांच्या प्रोसेस दिसत नाहीत.

डिस्क भरलेली असताना हे आउटपुट त्याच डिस्कवर लिहायला जाऊ नका. आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) कमांड चालवायची आणि आउटपुट लॅपटॉपच्या फाइलमध्ये वळवायचं. सर्व्हरवर काही लिहावंच लागलं तर एक गोष्ट मदतीला येते: एक्सटी४ फाइलसिस्टम मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ॲपला जागा नाही म्हणून ते अडलेलं असतं, तेव्हाही रूटला थोडं लिहिता येतं. ८० जीबीच्या डिस्कवर ही राखीव जागा ४ जीबीच्या आसपास भरते.

एकाच संदेशामागची वेगवेगळी कारणं

'नो स्पेस लेफ्ट' म्हणजे डिस्क भरली, असं सगळे धरून चालतात. पण आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद, जिची संख्या ठरलेली असते) संपले तरी हाच संदेश येतो. लाखो बारीक फायली, सेशनच्या किंवा मेल क्यूच्या, साठल्या की जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही. म्हणून 'डीएफ -आय' लागतं. फायलींवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामांची इनोटिफाय मर्यादा संपली तरी हीच एरर येते, आणि तिचा डिस्कशी काडीचा संबंध नसतो. आणि डेटाबेस पडला म्हणजे डिस्कच, असंही नाही. डीमेसगमध्ये 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ असेल तर कर्नलने मेमरीसाठी त्याचा बळी घेतलाय. ते वेगळं दुखणं आणि वेगळा प्रश्न.

चार-पाच दिवसांनी परत येणाऱ्या आणि रिस्टार्टने पळणाऱ्या दुखण्यात मात्र मला सगळ्यात जास्त वेळा जे सापडतं ते असं: डीएफ म्हणतं ७५ जीबी वापरात, आणि 'डीयू'ने सगळी फोल्डरं मोजली तर ३५ जीबीसुद्धा धड भरत नाहीत. मधले ४० जीबी कुठे आहेत?

डीयू फायली नावाने शोधून मोजतं. डीएफ डिस्कचे किती ब्लॉक गुंतलेत ते सांगतं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये एखाद्याचं नाव खोडलं पण तो माणूस अजून फ्लॅटमध्ये राहतोय, असा हा प्रकार. लिनक्समध्ये फाइल डिलीट केली की तिचं नाव जातं. पण एखाद्या प्रोसेसने ती उघडून ठेवली असेल, तर तिने सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. इतकंच नाही, ती प्रोसेस त्या निनावी फाइलमध्ये खुशाल लिहीत राहते, आणि फाइल वाढत राहते.

हे आपोआप कसं घडतं? लॉग म्हणजे ॲपच्या नोंदींची फाइल; ती फार वाढू नये म्हणून लॉगरोटेट रोज चालतं. ते ॲपच्या लॉगचं नाव बदलून शेवटी '.१' लावतं, मूळ नावाने नवी रिकामी फाइल बनवतं, जुनीचं कॉम्प्रेशन करतं आणि जुनी डिलीट करतं. ॲपला कुणी कळवलंच नाही, तर ते जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतं. म्हणून डोळ्यांना दिसणारा लॉग शून्य बाइटचा असतो. मुलं म्हणतात, "लॉगमध्ये तर काहीच नाही." नेमका तोच धागा आहे. ॲप चालू आहे, ग्राहक वापरतायत, आणि लॉग शून्य बाइट? मग ओळी कुठे जातायत?

एक बारकावा. भाड्याचे बरेच सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळेवर असतात. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्या शून्य बाइटच्या फाइलची वेळ 'एलएस -एल'मध्ये ००:०० दिसली आणि तुम्ही रात्री बाराचे बॅकअप तपासत बसलात, तर सकाळ वाया जाते. 'टाइमडेटसीटीएल' एकदा चालवून मशीनची वेळ कोणती हे बघा, आणि चॅटवर वेळ सांगताना यूटीसी की भारतीय, हे लिहा.

चॅटवर

कुठे जायचं? ज्या डिस्ट्रोचा (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या प्रकाराचा) सर्व्हर, तिच्या खोलीत, म्हणजे चॅट चॅनेलवर, आधी. या खोल्या अजूनही मोठ्या प्रमाणात आयआरसीवर आहेत. आयआरसी म्हणजे १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलेली साधी मजकुराची चॅट. उबुंटूची खोली लिबेरा चॅटवर मिळेल, डेबियनची ओएफटीसीवर; ही दोन्ही आयआरसीची नेटवर्कं. जुन्या मार्गदर्शिका फ्रीनोडला जा म्हणतात, तिकडे जाऊ नका. मे २०२१ मध्ये मालकीच्या वादातून तिथले स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा सुरू केलं, बहुतेक मोठे प्रकल्प त्यांच्यासोबत गेले. ब्राउझरमधूनही जाता येतं. काही खोल्यांत टोपणनावाची नोंदणी केल्याशिवाय बोलता येत नाही, ती आधीच करून ठेवा; सर्व्हर बंद असताना ते करायला सुचत नाही.

आवृत्ती जुनी असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. आपल्याकडे सेंटओएस ७ अजून खूप ठिकाणी चालतंय आणि त्याला अपडेट मिळणं ३० जून २०२४ ला संपलं. उबुंटूच्या खोलीत मुदत संपलेल्या आवृत्तीला मदत करत नाहीत, हा तिथला नियम आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. निदान अपग्रेडचा रस्ता विचारा, तो सांगतात.

वेळेचं गणित फार कामाचं आहे. ठाण्यात सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात जर्मनीत साडेसहा, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली. खोलीत शेकडो नावं दिसतात, पण जागं कुणी नसतं. संध्याकाळी सहानंतर युरोप दुपारच्या कामात असतो आणि अमेरिका उठलेली असते. म्हणून सकाळी अडलेल्या सर्व्हरचा पुरावा गोळा करा, तात्पुरती जागा करून धंदा चालू करा (कशी ते पुढे सांगते), आणि प्रश्न संध्याकाळी निवांत मांडा. सकाळी विचारलाच, तर दोन-तीन तास खोलीत टिकून राहायची तयारी ठेवा. आयआरसी तुमच्या मागे निरोप जपून ठेवत नाही. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत फोन खिशात गेला, कनेक्शन तुटलं, आणि उत्तर नेमकं तेव्हाच आलं, असं होतं. कायम चालू असलेल्या एखाद्या मशीनवर टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) आयआरएसएसआय किंवा वीचॅट (WeeChat) हा आयआरसीचा प्रोग्राम चालू ठेवला की ही अडचण जाते, फक्त ते अडलेल्या सर्व्हरवर चालवू नका.

आता प्रश्नाबद्दल. "हॅलो सर, कुणी आहे का?", "लिनक्स सर्व्हर अर्जंट हेल्प", "क्लायंट ओरडतोय" यांना उत्तर येत नाही. त्यात उर्मटपणा नसतो. उत्तर देता येईल असं तिथे काही लिहिलेलंच नसतं. मी अनेकदा पाहिलेला दुसरा प्रकार जास्त नुकसान करतो: "क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) रोज रात्री सर्व्हिस रिस्टार्ट कशी करायची?" याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं, मुलगा खूश होतो, आणि मूळ दुखणं झाकलं जातं. खोलीतला एखादा भला माणूस विचारतो, "पण रोज रिस्टार्ट कशाला हवा?" या प्रश्नाने चिडू नका. त्यानेच तुमची केस हातात घेतलेली असते.

मजकूर इंग्रजीत लिहावा लागेल, पण त्यात हे सगळं यायला हवं:

"उबुंटू २२.०४, व्हीपीएस, ८० जीबीची एक्सटी४ डिस्क. दर चार-पाच दिवसांनी रूट (मुख्य) डिस्क १०० टक्के भरते. ॲपची सर्व्हिस रिस्टार्ट केली की साधारण ४० जीबी मोकळे होतात. डीएफ ७५ जीबी दाखवतं, डीयू ३५. मशीन आत्ता त्याच अवस्थेत आहे, रिस्टार्ट केलेलं नाही. आउटपुट या लिंकवर. जागा कुणी धरून ठेवलीय हे कसं शोधू?"

आयआरसीवर एका संदेशाला एकूण ५१२ बाइटची मर्यादा असते, म्हणून वरचा मजकूर दोन-तीन संदेशांत तोडा, त्याहून जास्त नको. कमांडचं आउटपुट खोलीत ओतू नका. ओळींचा पूर आला की सर्व्हर तुम्हाला बाहेर काढतो. पेस्टबिनवर (मजकूर टाकला की लिंक देणारी साइट) टाका आणि लिंक द्या. डेबियन-उबुंटूवर 'पेस्टबिनइट' हे पॅकेज थेट टर्मिनलमधून लिंक बनवून देतं. मॉनिटरचा फोटो देऊ नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तो चालत असेल, पण फोटोतला प्रोसेस नंबर कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही, आणि आउटपुटची उजवी बाजू नेहमी कापलेली असते.

लिंक सगळ्या जगाला दिसते, हे लक्षात ठेवून टाकण्याआधी आउटपुट वाचा. पासवर्ड, एपीआय की, ग्राहकांचे मोबाइल, जीएसटी क्रमांक काढा. मात्र १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे घरगुती आयपी पत्ते झाकू नका, त्यात गुपित काही नाही आणि ते झाकल्याने नेटवर्कचा प्रश्न सुटता सुटत नाही. तुमचा स्वतःचा आयपी पत्ता मात्र आयआरसीवर इतरांना दिसू शकतो, तो झाकण्यासाठी नोंदणीनंतर क्लोक मागता येतो.

वरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून 'एलएसओएफ +एल१' मागतीलच. ते आधीच दिलेलं असेल तर अर्धा तास वाचतो. त्यात एक ओळ अशी दिसते: नोड नावाची प्रोसेस, तिचा नंबर, एफडीच्या (उघड्या फाइलच्या क्रमांकाच्या) रकान्यात समजा ७, आकार ४० जीबी, आणि शेवटी '/व्हार/लॉग/बिलिंग/ॲप.लॉग.१', त्यापुढे 'डिलीटेड'. सापडला.

इथे घाई करू नका. त्या निनावी फाइलचा मजकूर अजून वाचता येतो. '/प्रॉक/', मग प्रोसेसचा नंबर, मग '/एफडी/७'. तिथून 'टेल'ने शेवटच्या हजार ओळी लॅपटॉपवर घ्या. चार दिवस 'लॉगमध्ये काहीच नाही' म्हणून जे शोधत होतो ते सगळं तिथे असतं. माझ्याकडच्या एका केसमध्ये एसएमएस गेटवेची जोडणी होत नव्हती आणि ॲप सेकंदाला कित्येकदा प्रयत्न करून दरवेळी पूर्ण स्टॅक ट्रेस (एररचा लांबलचक तपशील) लिहीत होतं. ग्राहकांना एसएमएस जात नव्हते, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दर रिस्टार्टबरोबर ही माहिती पुसली जात होती. ओळी घेऊन झाल्या की 'ट्रंकेट -एस ०' आणि तोच प्रॉकचा रस्ता. ४० जीबी लगेच मोकळे, ॲप एक सेकंदही बंद नाही. सकाळी धंदा चालू करायचा तो असा.

चॅटवर कुणीही दिलेली कमांड आधी मॅन पानात ('मॅन' आणि कमांडचं नाव टाकलं की उघडणारं माहितीपान) बघा. न कळलेला प्रत्येक पर्याय विचारा, चांगला मदतनीस सांगतो. 'सीएचमॉड -आर ७७७' (आर मोठा; सगळ्या फायली सगळ्यांना खुल्या करणारी कमांड) सुचवणाऱ्याचं ऐकू नका, कर्लने इंटरनेटवरून स्क्रिप्ट आणून थेट सुडो बॅशला पाजायला, म्हणजे न वाचता रूटच्या अधिकाराने चालवायला, सांगणाऱ्याचंही नको. पासवर्ड मागणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. खासगी संदेशात बोलावलं तर नम्रपणे म्हणा, की खोलीतच बोलू. चार जण बघत असले की चुकीचा सल्ला कुणीतरी दुरुस्त करतं, आणि ही सुरक्षितता खासगीत नसते.

कायमचा इलाज

लॉगरोटेटच्या त्या ॲपच्या फाइलमध्ये 'पोस्टरोटेट' भाग घालून ॲपला लॉग पुन्हा उघडायला सांगायचं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला यूएसआर१ सिग्नल दिला की ते तसं करतं. तुमच्या ॲपला अशी सोय नसेल तर 'कॉपीट्रंकेट' लिहा: फाइलची प्रत निघते आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी होते. कॉपी आणि रिकामं करण्याच्या मधल्या क्षणातल्या काही ओळी हरवू शकतात. बिलिंगच्या ॲप लॉगला हे चालतं, ऑडिट लॉगला चालणार नाही. ॲपचं आउटपुट एका '>' ने फाइलमध्ये वळवलेलं असेल तर तिथे दोन, म्हणजे '>>' करा, नाहीतर रिकामी झालेली फाइल पुढच्या ओळीला पुन्हा पूर्वीच्याच आकाराची दिसायला लागते.

डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर हे सगळं सोडा आणि आधी तिथे बघा. त्याच्या नेहमीच्या जेसन-फाइल लॉगला मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. 'मॅक्स-साइझ' आणि 'मॅक्स-फाइल' ठरवून द्या, आणि कंटेनर नव्याने बनवा, कारण जुन्या कंटेनरला नवी मर्यादा लागत नाही.

इलाज लागू पडला का, यासाठी चार दिवस थांबायची गरज नाही. 'लॉगरोटेट -एफ' आणि पुढे त्या ॲपच्या कॉन्फिगचा रस्ता देऊन रोटेशन जबरदस्तीने करा, लगेच 'एलएसओएफ +एल१' चालवा. ॲपची डिलीट झालेली फाइल दिसली नाही आणि नव्या लॉगमध्ये ओळी पडायला लागल्या, तर झालं. मग खोलीत परत जाऊन, ज्यांनी मदत केली त्यांना नावाने सांगा की कारण काय निघालं. तिथे लोक पैशासाठी बसलेले नसतात. आपला धागा जुळला का, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं.

आणि एलएसओएफमध्ये काहीच नाही, तरी डीएफ-डीयूचा फरक कायम? मग बॅकअपची डिस्क जिथे माउंट होते, म्हणजे जोडली जाते, ते फोल्डर बघा. एखाद्या रात्री ती डिस्क माउंट झालीच नाही तर बॅकअप त्याच नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवर जातो. दुसऱ्या दिवशी डिस्क माउंट झाली की तो तिच्याखाली झाकला जातो आणि डीयूला दिसत नाही. 'माउंट --बाइंड' ने रूट फाइलसिस्टम एखाद्या रिकाम्या फोल्डरवर, समजा '/एमएनटी'वर, जोडा आणि तिथून डीयू चालवा. खाली दबलेले बॅकअप दिसतील. ते हलवून झाले की बाइंड काढा, आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीला 'माउंटपॉइंट -क्यू' ची तपासणी घाला, म्हणजे डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल.